जुन्या भित्तिपत्रकांना पाठबळ

जुन्नर तालुक्यांत आळे नांवाचें गांव आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून पूर्वेकडे जाणारा रस्ता पुणें-नाशिक रस्त्याला जेथें छेदतो, तो आळेफाटा या गांवाला लागूनच. ज्ञानेश्वरांनीं पैठणास ज्या रेड्याच्या मुखानें वेद वदविले, त्या रेड्यानें परतीच्या वाटेवर आळे येथें देह ठेवला अशी श्रद्धा असून त्याची समाधि तेथें आहे, आणि तिच्यापुढें यात्रा भरते. १९४० सालीं प्रभात कंपनीनें दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखालीं 'संत ज्ञानेश्वर' हा बोलपट काढला, तेव्हां रेड्याच्या वेदपठणाचा तो प्रसंग लोकांनीं पडद्यावर डोळे भरून पाहिला. त्या काळीं यात्रेच्या गांवीं तंबू ठोकून बोलपट दाखविणाऱ्या फिरत्या मंडळ्या येत, आणि खेळापूर्वीं गांवच्या भिंतींवर रंगीत कागद चिकटवून जात. खेळ संपे, तंबू उठे, पाऊस पडला कीं कागदही गळून पडे. क्वचित् एखादा कागद कोणाच्या तरी हौसेनें घरांत येई आणि फडताळांत, नाहींतर ट्रंकेच्या तळाशीं अंथरला जाई.

आळे येथें माझ्या आप्तांचा एक जुना वाडा आहे. तेथील पत्र्याच्या एका ट्रंकेच्या तळाशीं असाच एक कागद मला सांपडला. त्याच्या आठ घड्या घातलेल्या होत्या, घड्यांच्या रेषांवर तो जवळजवळ तुटला होता, कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि वरचा पट्टा कसरीनें खाऊन टाकल्यामुळें बोलपटाचें नांवच नाहींसें झालें होतें. 'संत ज्ञानेश्वर' असतें तर गोष्टीला शोभा आली असती. पण हें कोणत्यातरी पौराणिक बोलपटाचें चित्र होतें. एका राणीचें मुख, तिच्या मागें लाल-केशरी आकाश, आणि तळाशीं सोडलेल्या कोऱ्या पट्टींत हातानें लिहिलेल्या दोन ओळी: गांवाचें नांव, यात्रेची तिथि, आणि खेळांच्या वेळा. चित्र शहरांतील छापखान्यांत छापलें जाई; खेळ कोठें आणि केव्हां, हें त्या त्या गांवीं हातानें लिहीत, किंवा त्याची वेगळी चिठ्ठी चिकटवीत.

त्या कागदाला मीं कापडाचें अस्तर लावलें. तो आज माझ्या भिंतीवर ताठ उभा आहे. तरीही ही हकीकत पूर्ण यशाची नाहीं, हें आधींच सांगून टाकतों. जुन्या भित्तिपत्रकांची घरच्या घरीं निगा कशी राखावी, त्यांना पाठबळ कसें द्यावें, आणि कोठें हात आवरावा, हें सांगतांना माझी चूकही मी सांगणार आहें; कारण या छंदांतील सर्वांत उपयुक्त धडा मला तिनेंच शिकविला.

प्रथम, हा खटाटोप करावाच कशाला? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं चित्रपट काढले तसेच त्यांचे जाहिरातीचे कागदही स्वतःच्या कुंचल्यानें सजविले. १९२४ सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचें भित्तिपत्रक हें आज उपलब्ध असलेल्या सचित्र भारतीय भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानलें जातें. त्यांच्याच हाताखालीं दामले, फत्तेलाल आणि शांताराम तयार झाले. त्यांनीं १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी काढली आणि १९३३ सालीं ती पुण्यास आणली. दामले व फत्तेलाल हे दोघेही रंग-कुंचल्याच्या वाटेनेंच या धंद्यांत आलेले होते. महाराष्ट्राच्या चित्रपटाचा इतिहास असा चित्रकाराच्या हातून सुरू झाला आहे. भित्तिपत्रक हा त्याचा परिशिष्टभाग नसून पहिलें पान आहे.

शिवाय फिती टिकत नाहींत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला. आज त्याची एकही प्रत हातीं नाहीं. जाहिरातीचे कागद आणि स्थिरचित्रें यांवरूनच आपण त्याची कल्पना करतों. मूकपटांची स्थिति याहून वाईट आहे. हजाराहून अधिक निघाले, आणि उरले ते मूठभर. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, म्हणून पुष्कळ कांहीं वाचलें. तरी ८ जानेवारी २००३ रोजीं जुन्या प्रभातच्या आवारांत ठेवलेल्या नायट्रेटच्या फितींना आग लागून कितीतरी जुन्या चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. फीत गेली म्हणजे साक्षीला कागद उरतो. आणि तो कागद बहुधा संग्रहालयांत नसतो. तो कोणाच्या तरी माळ्यावर असतो.

आतां हा कागद इतका लवकर कां मोडतो तें पाहूं. त्याचें उत्तर जुन्नर तालुक्यांतच मिळण्यासारखें आहे. जुन्नर म्हटलें कीं शिवनेरी आठवतो. परंतु जुन्या मराठी दप्तरांचा ज्यांना परिचय आहे त्यांना जुन्नरी कागदही आठवतो. तेथील कागदी लोक पिढ्यान् पिढ्या हातानें कागद बनवीत. ही कला लयास जाऊं नये म्हणून पुण्यांत १९४० सालीं हातकागद संस्था निघाली. चांगला हातकागद हा ताग, अंबाडी, जुने दोर, चिंध्या अशा लांब तंतूंच्या लगद्यापासून होतो. तंतू लांब म्हणून तो चिवट. आणि लाकडांतील 'लिग्निन' नांवाचें द्रव्य त्यांत फारसें नसल्यानें तो पिवळा पडत नाहीं. अडीचशें वर्षांपूर्वीचीं पत्रें आजही बोटांत धरून वाचतां येतात, याचें रहस्य हेंच.

भित्तिपत्रकाचा कागद याच्या अगदीं उलट. तो चार दिवसांसाठीं होता, म्हणून स्वस्त असणें भागच होतें. लाकूड यंत्रांत भरडून केलेल्या लगद्यांत तंतू आंखूड राहतात आणि लिग्निन तसेंच राहतें. तें उजेड आणि हवा यांच्या योगानें तपकिरी पडतें व आम्ल उत्पन्न करतें. त्यांतच शाई फुटूं नये म्हणून तुरटी व राळ घातलेली असे, तुरटीही आम्लधर्मी. हें आम्ल कागदाच्या तंतूंना आंतून तोडीत राहतें. म्हणजे कागदाचा शत्रु केवळ बाहेरची कसर किंवा वाळवी नव्हे. तो त्याच्या पोटांतच बसलेला असतो. घडीच्या रेषेवर तंतू आधींच वांकून दुखावलेले असतात, म्हणून कागद प्रथम तेथें तुटतो.

उपाय दोन: पोटांतील आम्ल शक्य तितकें काढून टाकणें, आणि दुबळ्या कागदाच्या पाठीशीं एखादा सशक्त पदार्थ उभा करणें. दुसऱ्यालाच अस्तर लावणें म्हणतात. ही कल्पना नवी नाहीं. शाळेंतील भिंतीवरचे नकाशे आणि कचेऱ्यांतील मोजणीचे नकाशे कापडावर चिकटविलेले आपण सर्वांनीं पाहिले आहेत. भित्तिपत्रकासाठीं तीच रीत थोडी सुधारून वापरतात: तळाशीं ताणलेलें सुती कापड, त्यावर पातळ, चिवट व आम्लरहित असा कागद, आणि त्यावर मूळ भित्तिपत्रक. मधला कागद कशासाठीं? कापड आणि कागद हवेंतील ओलाव्यानें सारखे फुगत-आकसत नाहींत. शिवाय कापडाची वीण कालांतरानें चित्रावर उठते. मधला थर ही ओढाताण सोसतो आणि वीण झांकतो.

सुरुवातीलाच एक इशारा. प्रत्येक कागदाला अस्तर लागत नाहीं. कागद शाबूत असून नुसत्या घड्या पडल्या असतील, तर तो किंचित् दमट करून टीपकागदांमध्यें वजनाखालीं ठेवल्यानें काम भागतें. एक-दोन ठिकाणीं फाटला असेल, तर पाठीमागून तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या जपानी पातळ कागदाची पट्टी लावावी. जाणकार तर हल्लीं कापडाऐवजीं शक्यतों या जपानी कागदाचेंच अस्तर पसंत करतात. ज्यावरील रंग हाताला पुडीसारखा लागतो, जें हातानें रंगविलेलें आहे, ज्याच्या पाठीवरही मजकूर आहे, किंवा जें दुर्मिळ असल्याची नुसती शंका आहे, अशा भित्तिपत्रकाला घरीं पाणी लावूं नये. तें सपाट ठेवून एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या जतनविभागाचा सल्ला घ्यावा. ज्याची फारशी किंमत नाहीं अशा कागदांवर आधीं हात बसवावा. मीं स्वतः जुन्या दिनदर्शिकांच्या चित्रांवर तीन महिने शिकलों.

कामाला आरंभ छायाचित्रानें करावा. पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचें आणि प्रत्येक अक्षराचें छायाचित्र घ्यावें. त्यानंतर कोरडी साफसफाई. मऊ रुंद कुंचल्यानें मधून कडेकडे धूळ झाडावी. मग पांढऱ्या खोडरबराचा किसणीवर कीस करून तो कागदावर पसरावा आणि बोटांनीं हलक्या हातानें गोल गोल फिरवावा. मळ त्या किसांत गुंडाळून येतो. घासावयाचें नाहीं. पूर्वीं कोणीं चिकटपट्टी लावली असेल, तर ती ओढून काढूं नये. कोमट उलथन्यासारख्या पातळ पात्यानें खालचा गोंद मऊ करीत ती कडेनें उचलावी. तिचा पिवळा डाग बहुधा राहतोच. तो राहूं द्यावा.

नंतर परीक्षा. शिळाछापाची व ऑफसेटची छपाईची शाई तेलाच्या आधारानें केलेली असते, म्हणून ती सहसा पाण्यानें हालत नाहीं. परंतु 'सहसा' या शब्दावर विसंबूं नये. बारीक कुंचल्यानें प्रत्येक रंगावर पाण्याचा एक थेंब ठेवावा, मिनिटभर थांबावें, आणि पांढऱ्या टीपकागदानें टिपावें. टीपकागद पांढरा राहिला तर तो रंग पाण्याला पक्का. ही परीक्षा छापील रंगांचीच नव्हे, तर शिक्के, सह्या, टांकानें वा पेन्सिलीनें लिहिलेला मजकूर, चिठ्ठ्या, सर्वांची घ्यावयाची.

आतां माझी चूक. मीं लाल तपासला, काळा तपासला, निळा तपासला. टीपकागद पांढराच राहिला. खालच्या पट्टींतील अक्षरें करड्या पेन्सिलीचीं होतीं. पेन्सिलीचें लेखन पाण्यानें जात नाहीं, ही शाळेंतील माहिती मला पुरेशी वाटली, आणि तेवढी एक जागा मीं तपासली नाहीं. कागद पाण्यांत उतरला, आणि अर्ध्या मिनिटांत तीं करडीं अक्षरें गर्द जांभळीं झालीं. मग त्यांच्या कडा पसरल्या, आणि कागद वर उचलीपर्यंत दोन्ही ओळींचा एक फिकट जांभळा ढग होऊन गेला.

ती साधी पेन्सिल नव्हती; कॉपिंग पेन्सिल होती. ग्राफाइट आणि चिकणमाती यांत ॲनिलीनचा जांभळा रंग मिसळून ती करीत. लिहिलेलें खोडतां येत नसे, म्हणून पूर्वीं कचेऱ्यांत आणि पेढ्यांवर तिचा मोठा प्रचार होता. कोरडी असतां ती करडी दिसते. पाणी लागलें कीं खरा रंग दाखविते. खोडरबरानें न जाणारी ती अक्षरें पाण्यानें मात्र क्षणांत जातात. छायाचित्र मीं घेतलें होतें, पण तें राणीच्या मुखाचें. पट्टी चौकटीबाहेर राहिली होती. गांवाचें नांव आठवतें. तिथीपुढें कांहीं आकडा होता, तो मला आठवत नाहीं. तो खेळ कोणत्या सालच्या यात्रेंतला, हें सांगणारी तेवढीच एक खूण होती. राणीचें चित्र छापलेलें. त्याची दुसरी प्रत कोठेंतरी असूं शकेल. त्या दोन ओळींची दुसरी प्रत नव्हती. मुक्या जनावराला वाचा फुटल्याची कथा ज्या गांवानें जपली, त्याच गांवचा एक बोलका कागद मीं मुका केला.

असो. परीक्षेंत सर्व कांहीं उतरल्यास पुढें जावें. कागद ओला झाला कीं त्याला स्वतःचें बळ राहत नाहीं. म्हणून त्याला नायलॉनच्या दोन जाळ्यांमध्यें धरूनच पाण्यांत उतरवावें आणि बाहेर काढावें. लांकडी पट्ट्यांची चौकट करून तींत जाड प्लॅस्टिकचें कापड अंथरलें म्हणजे भित्तिपत्रकाच्या मापाची परात तयार होते. आपल्याकडील साधीं भित्तिपत्रकें २० इंच बाय ३० इंच किंवा ३० इंच बाय ४० इंच अशा मापांचीं असतात. परात चारी बाजूंनीं वीतभर मोठी असावी. पाणी स्वच्छ, गंजाचा अंश नसलेलें हवें. दहा-पंधरा मिनिटांत तें चहासारखें होतें. तें काळजीपूर्वक ओतून नवें घालावें. दोन-तीन पाण्यांनंतर रंग येईनासा होतो. शेवटच्या पाण्यांत चुन्याची निवळी अगदीं थोडी थोडी मिसळावी, आणि आम्ल मोजण्याच्या कागदी पट्टीवर आठ-साडेआठ हा आंकडा दिसतांच थांबावें. निवळी पोटांतील आम्ल मारते आणि पुढें होणाऱ्या आम्लासाठीं थोडा चुना तंतूंत ठेवून जाते. परंतु कांहीं रंग, विशेषतः प्रशियन निळा, क्षारानें फिका पडतो. म्हणून निवळीच्या पाण्याचीही थेंबपरीक्षा आधींच घ्यावी.

चिकटविण्यासाठीं काय वापरावें? बाजारांतील पांढरा कृत्रिम डिंक वापरूं नये. तो एकदां सुकला कीं पुन्हां पाण्यानें सुटत नाहीं. सर्वांत उत्तम वस्तु आपल्या स्वयंपाकघरांतलीच आहे. उन्हाळ्यांत कुरडयांसाठीं जो गव्हाचा चीक काढतात, तोच. गहूं भिजवून, वाटून, गाळून तळाशीं जो पांढरा सांका बसतो, तें गव्हाचें शुद्ध पिष्ट होय. कुरडईसाठीं त्याला थोडा आंबूसपणा चालतो. आपल्याला चालत नाहीं. म्हणून आंबूस वास पूर्णपणें जाईपर्यंत वरचें पाणी रोज बदलीत राहावें. मग एक भाग चिकास चार-पांच भाग पाणी घालून मंद आंचेवर, सतत ढवळीत, अर्धा तास शिजवावें. आरंभीं दुधासारखें असलेलें मिश्रण अर्धपारदर्शक आणि चकचकीत होतें. तें थंड झाल्यावर बारीक चाळणींतून दोनदां-तीनदां दाबून काढावें, आणि पाणी घालून ताकाइतकें सैल करावें. ही झाली खळ. पुस्तकबांधणीवाले खळींत मोरचूद घालीत, म्हणजे कीड लागत नसे. तें येथें वर्ज्य. त्यांतील तांबें कागदाच्या तंतूंचा नाश जलद करतें. खळ दोन-तीन दिवसांत संपवावी. आंबली तर टाकून द्यावी.

अस्तरासाठीं कोरा मांजरपाट घ्यावा. गिरणीची खळ जावी आणि आकसावयाचें तें आधींच आकसावें, म्हणून तो दोनदां गरम पाण्यानें धुऊन वाळवावा. भित्तिपत्रकापेक्षां चारी बाजूंनीं सहा इंच मोठी, रंग देऊन पाण्यापासून सुरक्षित केलेली फळी घेऊन तिच्यावर तो ओला करून ताणावा. खिळे कडांच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे मारीत जावे, म्हणजे वीण वांकडी होत नाहीं. त्याला खळ लावून मधला कागद त्यावर बसवावा आणि रुंद कुंचल्यानें मधून बाहेर दाबीत हवा काढून टाकावी.

धुतलेलें भित्तिपत्रक प्लॅस्टिकच्या कापडावर पालथें घालून, पाठीला खळीचा एकसारखा पातळ हात द्यावा. मग दोघांनीं प्लॅस्टिकसकट तें उचलावें, उलटें करावें, आणि मधल्या कागदावर अगोदर मध्यभाग व नंतर कडा टेकवीत बसवावें. हें काम एकट्यानें करूं नये. आमच्या घरीं या क्षणीं सर्वांना बोलण्याची बंदी असते. प्लॅस्टिक सावकाश सोडवून घ्यावें. ओला कागद किंचित् वाढलेला असतो; तेवढ्या अवधींत घडीवरचे तुटलेले कांठ ओल्या बोटानें एकमेकांना भिडवितां येतात. आठ तुकड्यांची राणी एकसंध होते, ती या दहा मिनिटांत.

पुढें आपलें काम एकच: थांबणें. सावलींत, वारा अंगावर न घेतां, तीन-चार दिवस फळी उभी ठेवावी. सुकतांना सर्व थर आकसतात आणि कागद डफासारखा ताणला जातो. सुरकुत्या आपोआप नाहींशा होतात. यासाठीं ऋतूही पाहावा. पावसाळ्यांत खळ सुकण्यापूर्वीं बुरशी धरते. चैत्र-वैशाखांत कडा इतक्या वेगानें सुकतात कीं मधला भाग सुटून फुगतो. कार्तिकापासून माघापर्यंतची कोरडी थंडी या कामाला सर्वांत चांगली.

वाळल्यावर उणीवा भरण्याचा मोह होतो. येथें खरी परीक्षा आहे. जेथें कागदच नाहीं, तेथें त्याच जाडीचा जुना कोरा कागद कातरून बसवावा, आणि रंग द्यावयाचा तो केवळ या नव्या तुकड्यावर, तोही जलरंगाचा, शेजारच्या रंगापेक्षां किंचित् फिका. चार हातांवरून पाहणाऱ्याला चित्र पूर्ण दिसावें, आणि जवळ येऊन पाहणाऱ्याला कोठें काय घातलें आहे तें ओळखतां यावें. मूळ चित्रावर एक ठिपकाही देऊं नये. माझ्या भित्तिपत्रकाच्या वरच्या पट्ट्यांत नांव नव्हतें. कित्येक स्नेह्यांनीं सुचविलें कीं तर्कानें एखादें नांव रंगवून टाका. मीं तेथें साधा कोरा कागद बसविला.

खळ आणि जलरंग यांचाच आग्रह कशासाठीं, हें आतां ध्यानांत आलें असेल. उद्यां आपल्यापेक्षां जाणता मनुष्य येईल आणि आपलें काम त्याला चुकीचें वाटेल. त्या वेळीं मागून ओलावा देऊन कापड सोलतां आलें पाहिजे, रंग पुसतां आला पाहिजे, आणि त्याला मूळ कागद होता तसा मिळाला पाहिजे. जें करावें तें परत फिरवितां येईल असेंच करावें, हा या छंदाचा एकमेव नियम. बाकीच्या गोष्टी सरावाच्या. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यांत कायमचें बंद करणें, पक्का डिंक, वार्निशाचा हात, हे सर्व या नियमाला सोडून आहेत, म्हणून त्याज्य. धुणें तर परत फिरवितां येतच नाहीं. म्हणूनच त्याच्या आधीं सर्वांत अधिक विचार हवा.

तयार झालेलें भित्तिपत्रक फळीवरून कापून घेतांना कापडाची दोन बोटें कड सोडावी. चौकटींत बसविल्यास कांच चित्राला टेकूं देऊं नये. मध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालावी. ऊन पडेल त्या भिंतीवर, किंवा पावसाळ्यांत ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर, तें लावूं नये. गुंडाळून ठेवणें असेल तर चार इंचांहून अरुंद नळकांडें घेऊं नये. जुन्या पोथ्यांच्या बासनांत वेखंड ठेवीत. तसें वेखंड फडक्याच्या पुरचुंडींत, कागदाला स्पर्श न होईल असें, जवळ ठेवावें. वर्षांतून दोनदां तरी उघडून पाहावें. कसर अंधारांत आणि निवांतपणांत वाढते.

माझ्या भित्तिपत्रकाच्या तळाची पट्टी मीं तशीच ठेवली आहे. तिच्यावर जांभळी छटा आहे, अक्षर नाहीं. पाठीमागें कापडावर वेगळी चिठ्ठी टांचली आहे: कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घरांत मिळाला, त्यावर काय लिहिलेलें होतें, त्यांतील काय मला आठवतें व काय आठवत नाहीं, आणि तें कोणाच्या हातून व कसें गेलें. वाड्यांतील वडील मंडळींना विचारून त्यांच्या आठवणींतील तंबूच्या खेळांची वर्षेंही मीं तींत टिपून ठेवलीं. प्रत्येकाचें साल निराळें आहे.

आपल्या घरच्या माळ्यावर, एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं असा कागद असेल, तर तो बाहेर काढण्याची घाई करूं नका. आधीं त्याच्यावर लिहिलेलें सर्व कांहीं उजेडांत नीट वाचा, उतरवून घ्या, छायाचित्र घ्या. मग धूळ झाडा. पाण्याची पाळी त्यानंतर कितीही दिवसांनीं आली तरी चालेल.